घरी येणारा फिजिओ

प्रश्न : यजमान तारापूर एमआयडीसीत कामाला आहेत. पक्षाघातानंतर त्यांना घरी आणलंय. इंग्लंडमधला दीर म्हणतो, तिकडे थेरपिस्ट घरी येतो. बोईसरला अशी सोय आहे का?
– एक वाचक, बोईसर

उत्तर : ताई, दीर सांगतात ते खरं आहे. ब्रिटनमध्ये निवडक रुग्णांना लवकर घरी सोडतात आणि फिजिओ, ऑक्युपेशनल व स्पीच थेरपिस्टांचं पथक सुमारे सहा आठवडे घरी येतं. अर्थात, पुढच्या उपचारांसाठी तिथेही रांगा लागतात. आपल्याकडे असं बांधलेलं जाळं नाही. ते तुम्हाला जुळवावं लागेल.

आधी पैशांचं बघा. यजमान ईएसआयमध्ये असतील, तर अर्धांगवायू दीर्घ आजारांच्या यादीत येतो. अटी पूर्ण होत असतील, तर 91 दिवसांच्या आजारपण भत्त्यानंतर 80 टक्के दराने वाढीव भत्ता मिळतो. कंपनी राजीनामा मागत असेल, तर घाईने सही करू नका.

तपासणीसाठी हाजी अलीची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था चांगली. पण डहाणू लोकलने रोज तिथे जाणं अशक्यच. म्हणून एकदा व्यायामाचा आराखडा करून घ्या, मग बोईसरच्या फिजिओला आठवड्यातून एकदा घरी बोलवा. बाकी दिवस तुम्हीच. लुळ्या हाताला धरून त्यांना कधीही ओढू नका, खांदा निखळतो. खुर्चीतून उठण्या-बसण्याचा सराव रोज, आधार देऊन. ठसका लागत असेल, तर पाणीही डॉक्टरांना विचारूनच द्या.