मसुदा लिहून देणारी फंक्शने

औशासारख्या तालुक्याच्या गावी, किल्ल्याच्या खंदकापासून हाकेच्या अंतरावर राहून शेडर कंपायलरची चाकरी करणारा इसम लोकांना अंमळ विक्षिप्त वाटावा, हे स्वाभाविकच आहे. परंतु ब्रायन पॉल यांनी 1993 साली, म्हणजे आमच्या तालुक्यातील किल्लारीने भूकंप सोसला त्याच वर्षी आरंभिलेला मेसा हा मुक्त ग्राफिक्स-संच पुढे देशोदेशीच्या माणसांनीच वाढविला. त्याच्या पोटात एनआयआर नावाची मध्यस्थ भाषा आहे. कॉनर अ‍ॅबट यांनी 2014 साली तिची उभारणी हाती घेतली व 2015 मध्ये ती मेसात रुजू झाली.

या भाषेसाठी साहाय्यक फंक्शने लिहू पाहणाऱ्यांनी प्रथम हे ध्यानी धरावे की, ही फंक्शने बेरीज-गुणाकार स्वतः करीत नाहीत. तहसील कचेरीबाहेरचा दस्तलेखक ज्याप्रमाणे जमीन न घेता, न विकता केवळ खरेदीखत लिहून देतो, त्याप्रमाणे ती कर्सर असेल त्या जागी सूचना तेवढी नमूद करतात, आणि तिची अंमलबजावणी मागाहून ग्राफिक्स कार्डावर होते. म्हणून फंक्शनातील सी भाषेचे ‘इफ’ हे कंपायलरचा निर्णय होय, शेडरचा नव्हे.

मूल्य शून्य व एक यांच्या मर्यादेत आणणारे एक फंक्शन मी पाहिले, त्यात आधी एकाशी ‘मिन’ व मग शून्याशी ‘मॅक्स’ असा क्रम होता. साध्या संख्यांना दोन्ही क्रम सारखेच. परंतु शून्याला शून्याने भागून निपजणारा नॅन आत शिरताच, हे दोन्ही व्यवहार नॅनला डावलून दुसरी बाजू मंजूर करीत असल्यामुळे, डायरेक्ट३डी 10 च्या नियमाने जेथे शून्य हवे तेथे एक आला आणि गडद सावलीत पांढरे ठिपके चमकू लागले. ‘मॅक्स’ आधी घ्यावा, एवढीच दुरुस्ती. ती सापडेपर्यंत मात्र सगळा संशय टेक्श्चरवर होता!

पूर्णांकात शून्य मिळवावयाचे असल्यास साहाय्यक फंक्शन नवी सूचना न लिहिता आलेले मूल्यच परत करते, हे रास्तच आहे. पण अशा वेळी हाती आलेली सूचना दुसऱ्याने आधीच लिहिलेली असते; ती आपलीच असे समजून तीत फेरफार करणारा परक्याच्या दस्तावर हात चालवितो. शून्याची बेरीज गाळण्याची हीच सवलत फ्लोट संख्यांना सरसकट देऊ नये, कारण उणे शून्यात अधिक शून्य मिळविले की उत्तर अधिक शून्य येते.

सर्वांत फसवी बाब सी भाषेची. एका फंक्शनच्या कंसात दोन साहाय्यक फंक्शने घातली, तर कोणते आधी चालवावे हे त्या भाषेने ठरवून दिलेले नाही. त्यामुळे जीसीसी व क्लँग यांनी बांधलेल्या प्रतींत सूचना निराळ्या क्रमाने उमटू शकतात, चित्र बिनचूक येते, आणि दोन यंत्रांवरील छापील उतारे ताडून पाहणारा मनुष्य नसलेल्या दोषाच्या शोधात अख्खी दुपार घालवितो. अशा ठिकाणी प्रत्येक मूल्य स्वतंत्र चलात घेऊन एकेका ओळीत लिहावे. चार ओळी वाढल्या तर खुशाल वाढू द्याव्यात.