ज्ञान कोणाचे, अधिकार कोणाचा?

न्यूझीलंडमध्ये एके काळी माओरी मुलांना शाळेत मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा होत असे. १९८७ साली त्याच भाषेला राजभाषेचा दर्जा मिळाला. २०१८ मध्ये ‘ते हिकू मीडिया’ या माओरी संस्थेच्या आवाहनावरून सुमारे अडीच हजार लोकांनी दहा दिवसांत वाक्ये वाचून तीनशे तासांहून अधिक ध्वनिमुद्रण दिले. त्यातून माओरी बोलणे ऐकून लिहून घेणारी संगणकप्रणाली घडली. यंत्रविद्या पाश्चात्त्य, भाषा व उच्चार माओरी. हा ठेवा परक्या कंपन्यांच्या स्वाधीन न करता संस्थेने ‘काइतिआकी’ अर्थात राखणदार या जुन्या कल्पनेवर त्याच्या वापराचा परवाना बेतला.

केवळ परंपरा आहे म्हणून काही स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. तीच कसोटी नव्या यंत्रालाही लावली पाहिजे. ज्यांनी ज्ञान जपले, त्यांच्या हाती निर्णयाचा अधिकार राहतो काय, हे आपण विचारावे. आपल्याकडे कातडे कमावणाऱ्या, दोर वळणाऱ्या हातांचे कौशल्य समाजाने वापरले. विद्येचा अधिकार मात्र नाकारला. म्हणून आपल्या विद्यार्थ्यांनी यंत्र वापरण्यावर समाधान न मानता ते घडवावे आणि त्याचे नियमही ठरवावेत.