शाळेचा पट कमी झाला, म्हणजे नक्की काय झालं?

मैत्रिणींनो, गटाची शिल्लक किती, कर्ज किती जणींकडे, कुणाचा हप्ता थकलाय, हे आपल्याला तोंडपाठ असतं. पण गावातल्या शाळेचा यंदाचा पट किती, असं बैठकीत विचारलं तर किती जणींना सांगता येईल? म्हणून या वेळचा पाठ पटावर.

पट म्हणजे शाळेत नाव दाखल असलेल्या मुलांची संख्या. नाव असणं वेगळं आणि मूल वर्गात बसणं वेगळं. गटाच्या वहीत वीस जणींची नावं आहेत आणि बचत भरायला बाराच येतात, तसंच हे.

आधी थोडं मागचं बघू. १९५१ च्या जनगणनेत देशातल्या शंभर बायांमध्ये नऊ जणीसुद्धा साक्षर नव्हत्या. आपल्या आज्या त्याच काळातल्या. पुढे वस्तीवस्तीवर शाळा झाल्या. नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळेत शिजवलेलं जेवण द्यायचा आदेश दिला. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा आला आणि ६ ते १४ वयाच्या मुलांना मोफत शिक्षण हा हक्क झाला. ‘असर’ नावाची गावागावांतली पाहणी सांगते, की २००६ साली ११ ते १४ वयाच्या शंभर मुलींपैकी दहा शाळेबाहेर होत्या. २०२२ मध्ये हा आकडा दोनवर आला. ही कमाई लहान नाही.

आणि तरी पट कमी होतोय. बालवाडीपासून बारावीपर्यंत देशातल्या सगळ्या शाळांत मिळून २०२१-२२ मध्ये साडेसव्वीस कोटी मुलं होती. २०२४-२५ मध्ये २४ कोटी ६९ लाख. मग मुलं गेली कुठं?

पहिलं कारण आपल्या घरातलंच आहे. महाराष्ट्रात १९९२-९३ च्या आरोग्य पाहणीत एका बाईमागे सरासरी जवळपास तीन मुलं होती, २०१९-२१ च्या पाहणीत १.७. मुलंच कमी जन्मली तर पहिलीचा वर्ग लहान होणारच. यात रडण्यासारखं काही नाही. उलट यातून आपल्या बायांची बाळंतपणं कमी झाली.

दुसरं कारण मोजण्याचं. २०२२-२३ पासून प्रत्येक मुलाची वेगळी नोंद घेतली जाते, त्यामुळे दोन शाळांत नाव असलेलं मूल एकदाच धरलं जातं. आपल्या राज्यात ऑक्टोबर २०११ मध्ये सगळीकडे एकाच वेळी पटपडताळणी झाली होती, तेव्हा लाखो नावं कागदावर होती आणि मुलं वर्गात नव्हती. असा फुगलेला पट खाली आला तर तो खरा झाला म्हणायचं.

तिसरं कारण खासगी शाळा. असरच्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातली ६ ते १४ वयाची शंभरातली ६६ मुलं २०१८ ला सरकारी शाळेत होती. करोनात लोकांचे हात आखडले, तेव्हा २०२२ मध्ये हा आकडा ७३ झाला. २०२४ मध्ये परत ६७. म्हणजे हातात पैसा आला की आपण पोराला पिवळ्या गाडीत बसवतो. फीसाठी गटातून कर्ज उचलणाऱ्या ताया कमी नाहीत. तो ज्याच्या त्याच्या घरचा निर्णय. फक्त एक विचारावंसं वाटतं: मुलगा गाडीतून खासगीत आणि मुलगी चालत झेडपीत, असं आपल्या दारात होतंय का?

चौथं कारण सगळ्यात जड. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर टोळ्या निघतात, पोरं सोबत जातात आणि मार्चनंतर परततात. पटावर नाव वर्षभर तसंच राहतं, म्हणून आकड्यात हे मूल दिसतच नाही. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, आणि शिक्षण हमी कार्डही असतं. ते कार्ड दाखवून, जिथं जाल तिथल्या शाळेत मूल बसू शकतं. दाखला नाही म्हणून कुठल्याही सरकारी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, हे कायद्यातच आहे. निघण्याआधी गुरुजींकडून कार्ड मागून घ्या.

पट कमी झाल्याने काय बिघडतं? शिक्षक पटावर ठरतात. पहिली ते पाचवीत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, त्यापुढे तीन. आपल्या राज्यात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या सुमारे १५ हजार शाळा आहेत. त्यांतली मुलं एका मोठ्या ‘समूह शाळेत’ आणावीत, असा विचार २०२३ मध्ये पुढे आला. मोठ्या शाळेत सोयी जास्त असतील, ते खरंच. पण कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी. ओढा ओलांडायचा असेल, गाडी चुकली असेल, तर आधी घरी बसते ती मुलगी.

आता आपला अभ्यास. समजा, वाडीत ६ ते १० वयाची ३१ मुलं आहेत. झेडपीच्या शाळेत १८, खासगीत ९, मामाकडे शिकणारी २. उरली २. त्या दोघांच्या घरी आधी जायचं. मग १८ कडे वळा: नोव्हेंबरात यातली रोज किती बसतात? अंगणवाडीच्या रजिस्टरात पुढच्या जूनला पहिलीत येणारी चारच असतील आणि पाचवीतून पाच बाहेर पडणार असतील, तर पट १७ होणार, हे आजच कळलं. खासगीतली नऊ परत आली तर तोच पट २६. ती का गेली, हे त्यांच्या आयांनाच विचारा. इंग्रजीसाठी गेली, का एकच गुरुजी चार वर्ग सांभाळतात म्हणून?

उत्तर मिळालं की ते शाळा व्यवस्थापन समितीत मांडायचं. या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या महिला असायलाच हव्यात. बऱ्याच गावांत आपलं नाव समितीत असतं आणि सही घ्यायला वही घरी येते. यंदा वही आली तर म्हणा, बैठक कधी आहे ते सांगा, सही तिथंच करते. आणि जाताना मोजणीचा कागद सोबत न्या.