हद्दीबाहेरची म्हैस

"डॉक्टर, दोन दिवस झाले, वैरणीला तोंड लावत नाही. लाळ गळतेय. घशात काही अडकलं असेल म्हणून हात घालून बघितलं, पण हाताला काही लागलं नाही."

हे ऐकल्यावर मी म्हशीकडे नंतर वळलो, आधी त्या शेतकऱ्याचे हात पाहिले. ऊसतोडीचे दिवस होते. पाचटाने कापलेल्या बारीक रेघांनी दोन्ही तळवे भरलेले. म्हशीचा जबडा धरायला बायको होती, थोरला मुलगाही होता. म्हैस मधूनच घोगऱ्या आवाजात रेकत होती आणि मागचे पाय ओढत होती. "हिला कुत्रं चावलं होतं का?" असं विचारल्यावर त्याला आठवलं. दीड महिन्यापूर्वी रात्री एक अनोळखी कुत्रं गोठ्यात शिरून हिच्या नाकाशी झोंबलं होतं. त्याने काठी उगारली, कुत्रं पळालं आणि सगळे झोपले.

मी तिघांनाही तिथल्या तिथे साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं हात धुवायला लावले आणि माझ्याच गाडीतून ग्रामीण रुग्णालयात नेलं. लस तिथे मिळाली, जखमेत द्यायच्या इम्युनोग्लोबुलिनसाठी मात्र जिल्ह्याच्या गावी जावं लागलं. तिघंही आज धडधाकट आहेत. म्हैस तिसऱ्या दिवशी गेली. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की जनावराच्या बाबतीत आपल्या हातात काही उरत नाही, आणि माणसाच्या बाबतीतही जवळजवळ तसंच.

ते गाव आमच्या शहराच्या हद्दीपासून जेमतेम दोन किलोमीटरवर आहे. त्या हद्दीच्या आत आम्ही दहा महिने भटक्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण आणि लसीकरण करत होतो, आणि त्या कामाचा समन्वयक मी होतो. पशुसंवर्धन खात्यात उभी हयात काढून निवृत्त झालेला मी. कुत्रं नगरपरिषदेची हद्द ओळखत नाही, हे मला कुणी शिकवायला नको होतं. तरीही आमची योजना हद्दीवर थांबली, याचं दुःख अजून जात नाही. २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आणि २०२५ मधले सर्वोच्च न्यायालयाचे आदेश यांनंतर गावोगावी अशा योजनांची घाई सुरू झाली आहे. ओळखीचे सरपंच, नगरसेवक फोन करून विचारतात, काय काय लागेल? त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितोय.

आमची पहिली बैठक फार छान झाली होती, आणि चुकायला सुरुवात तिथूनच झाली. शहर आणि भोवतालच्या पाच ग्रामपंचायतींनी मिळून काम करायचं, खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात वाटून घ्यायचा, असं ठरलं. "तुम्ही सुरू करा डॉक्टर, आमचा वाटा कुठे जात नाही," असं एक ज्येष्ठ सरपंच म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले होते. मी त्या शब्दावर काम सुरू केलं. पुढे कळलं, की द्यायची इच्छा असूनही त्यांच्याकडे द्यायला वाटच नव्हती. वित्त आयोगाच्या निधीतला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला असतो. उरतो तो स्वनिधी, म्हणजे मुख्यतः घरपट्टीची वसुली. त्यातही अंदाजपत्रकात तरतूद नसेल तर ग्रामसेवक चेक कशाच्या आधारावर काढणार? पाचांपैकी एकाही गावाचा वाटा आला नाही. शहराचा पैसा शहराबाहेर खर्च करता येईना. सहा ठिकाणांची योजना एका हद्दीत आक्रसली, आणि ती आक्रसल्याचं मी कुणाला ठणकावून सांगितलंही नाही.

आता ठरावाची प्रत, अंदाजपत्रकातली तरतूद आणि पहिल्या सहामाहीची रक्कम वर्ग झाल्याचा कागद हे तिन्ही हातात पडेपर्यंत मी जाळी गाडीत चढवू देत नाही. त्यासाठी हे बोलणं दिवाळीच्या सुमाराला काढावं लागतं, कारण हिवाळा सरता सरता अंदाजपत्रकं पक्की होतात. मे महिन्यात कुणाला कुत्रं चावल्यावर बोलावलेल्या बैठकीत राग भरपूर असतो, पण त्या वर्षाचा पैसा वाटून झालेला असतो. आणखी एक दार आहे. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राणी क्लेश प्रतिबंधक समिती असते. नगरपरिषद, पंचायती, पशुसंवर्धन आणि आरोग्य यांना एका टेबलाशी बसवायचं तर ते त्या खुर्चीवरूनच होतं. माझ्यासारख्या निवृत्त माणसाच्या फोनने होत नाही. मी ते दार ठोठावलं, पण एक वर्ष उशिरा.

दुसरी चूक पिंजऱ्यांची, आणि ती निव्वळ हिशेबाची होती. आमच्याकडे वीस पिंजरे होते. शस्त्रक्रिया करणारा तरुण डॉक्टर तयारीचा, दिवसाला पंधरा कुत्री सहज करायचा. म्हणून मी महिन्याला तीनशेचा अंदाज धरला. पण कुत्रं आदल्या दिवशी आणून उपाशी ठेवावं लागतं आणि शस्त्रक्रियेनंतर किमान चार दिवस देखरेखीखाली ठेवावं लागतं. म्हणजे एका कुत्र्यापायी एक पिंजरा सहा दिवस अडतो. वीस पिंजऱ्यांतून महिन्याला शंभर कुत्री, त्यापुढे एकही नाही. हे त्रैराशिक मी कागदावर मांडायला हवं होतं. आमच्या मोजणीत शहरातली कुत्री सोळाशेच्या घरात होती. त्यातली सत्तर टक्के म्हणजे अकराशेच्या वर, म्हणजे एकाही दिवसाचा खाडा न होता जवळजवळ वर्ष. आणि मादी साधारण नऊ आठवड्यांत विते, एका वेताला चार-सहा पिल्लं, वर्षातून एक, कधी दोन वेत. आम्ही पुढच्या दाराने मोजत होतो तेव्हा मागच्या दाराने पिल्लं येत होती.

त्यात मी आणखी एक घोळ घातला. प्रत्येक नगरसेवकाला आपल्या प्रभागातली गाडी हवी असते. कुणाचं मन मोडू नये म्हणून मी गाडी रोज वेगळ्या प्रभागात फिरवली. दहा महिन्यांनी प्रत्येक प्रभागात थोडं थोडं काम झालेलं होतं आणि पूर्ण कुठेच नव्हतं. निर्बीजीकरणात अर्धं काम हे निम्मं फळ देत नाही, ते जवळजवळ काहीच देत नाही. उरलेल्या माद्यांची पिल्लं वर्षभरात ती जागा भरून काढतात. पिंजरे कमी असतील तर क्षेत्र लहान घ्या, पण ते पुरं करूनच पुढच्या गल्लीत जा. ज्यांचा प्रभाग मागे राहील ते रागावतील. त्यांना तारीख लिहून द्या आणि ती पाळा.

कुत्री पकडून शस्त्रक्रिया करणाऱ्या संस्थेशी करार 'प्रति कुत्रा' दराने झाला होता. वरवर चोख वाटणारी पद्धत. काढलेले अवयव देखरेख समितीसमोर मोजायचे, शस्त्रक्रियेची खूण म्हणून कानाला पाडलेली खाच पाहायची आणि बिल मंजूर करायचं. पण पकडणारी मुलं माणसंच आहेत. नर धीट असतो, बिस्किटाला येतो. मादी, त्यातून पिल्लं असलेली, जाळी दिसताच भिंतीआड होते. दर सारखाच असेल तर दिवसभर एका मादीच्या मागे कोण लागेल? नोंदवही उघडून पाहिली तेव्हा तीनात दोन नर निघाले. जयपूरमध्ये १९९४ पासून चाललेल्या कामात मुख्य भर माद्यांवर होता, आणि १९९७ ते २००२ या काळात तिथल्या कुत्र्यांची संख्या सुमारे २८ टक्क्यांनी उतरली. नर सोडून द्यायचे असं मी म्हणत नाही, पण मादीचा दर जास्त ठेवा आणि तो निविदेतच लिहा. पकडण्याची मजुरी, डिझेल, चार दिवसांचं खाणं, भूल, लस, आणि कुत्रं जिथून उचललं त्याच जागी परत सोडण्याचा खर्च हे सगळं वेगवेगळं दाखवा. परत सोडण्याचा खर्च धरला नाही, तर रात्री उशिरा गाडी जवळच्या माळावर रिकामी होते. तिथली कुत्री या परक्यांवर तुटून पडतात आणि खाच असलेलं कुत्रं जखमी होऊन भलत्याच वस्तीत भटकतं. नियमातही परत त्याच जागी सोडायचं, असंच आहे.

चौथं बिल डिसेंबरात दिलं गेलं, ते मार्चअखेरपर्यंत मंजूर झालं नाही. एका सहीसाठी फाइल थांबली होती. संस्थेने तीन महिने पदरचे पैसे घालून मुलांचे पगार केले आणि मग गाडी परत नेली. त्यांना मी दोष देत नाही. तेव्हापासून निदान तीन महिन्यांचा खर्च भागेल इतकी रक्कम वेगळी राखून ठेवल्याशिवाय काम सुरू करू नका, असं मी सांगत आलोय.

पण म्हशीच्या बाबतीत या सगळ्याहून मोठी चूक दुसरीच होती. आम्ही रेबीजची लस शस्त्रक्रियेला बांधून टाकली होती. ज्या कुत्र्याला पिंजरा मिळेल त्यालाच लस. खरं म्हणजे लशीला पिंजरा लागतच नाही. जाळ्यात घ्यायचं, टोचायचं, डोक्यावर रंगाचा पट्टा ओढायचा आणि सोडायचं. दोन-तीन मिनिटांचं काम. गोव्याने नेमकं हेच केलं. तिथे मिशन रेबीज ही संस्था आणि राज्य सरकार यांनी २०१३ नंतर गाव, शहर असा भेद न करता सगळं राज्य एक क्षेत्र धरलं. दर वर्षी सत्तर टक्के कुत्र्यांना लस देण्याचं लक्ष्य ठेवलं, टोचलेलं प्रत्येक कुत्रं मोबाइलवर जागेसकट नोंदवलं, शाळाशाळांतून मुलांना शिकवलं, संशयित कुत्र्याची खबर द्यायला एक फोन नंबर ठेवला. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं, आणि तोवर २०१७ नंतर तिथे माणसाचा रेबीजने मृत्यू नोंदला गेला नव्हता. कुत्र्यांची संख्या कमी व्हायला वर्षं लागतात. मृत्यू त्याच्या कितीतरी आधी थांबवता येतात. पैसा तुटपुंजा असेल तर आधी लशीची फेरी करा, सगळ्या गावांत, एकाच पंधरवड्यात.

आणि ग्रामीण रुग्णालयातली कुत्रं चावलेल्यांची नोंदवही दर सोमवारी वाचा. म्हैस गेल्यावर मी ती पहिल्यांदा मागून घेतली. दीड महिन्यापूर्वीच्या पानावर त्याच गावातल्या दोन माणसांची नावं होती. एकाच आठवड्यात, न डिवचता, एक तांबडं कुत्रं दोघांना चावलं होतं. परिचारिकेने सगळं व्यवस्थित लिहून ठेवलं होतं. माझ्या कामाचं ठिकाण रुग्णालयापासून चालत पाच मिनिटांवर, आणि मी दहा महिन्यांत एकदाही ती वही मागितली नव्हती.

यंदा आम्ही लहान क्षेत्र धरलं आहे: शहराचा ओढ्याकडचा एक प्रभाग आणि त्याला लागून असलेली दोन गावं. ओढ्याकाठच्या चिकनवाल्यांचा कचरा रोज उचलायचा, हे त्याच ठरावात घातलं आहे, कारण खाणं जिथे तिथे कुत्री. रोज कुत्र्यांना भाकरी घालणाऱ्या एक आजी आहेत. आधी त्या आमच्या गाडीला दगड मारायच्या. त्यांच्या घरी जाऊन बसलो, चहा घेतला, शस्त्रक्रिया झालेली त्यांची एक कुत्री दाखवली. आता त्या हाक मारतात आणि माद्या स्वतःहून येतात. आमची जाळी कित्येक दिवस गाडीतच पडून असते.

म्हशीच्या गावाने अंदाजपत्रकात वेगळी तरतूद केली आणि पैसे वेळेत भरले. मोजणीला तो शेतकरीच माझ्याबरोबर फिरला. परवा सकाळी सहाला त्याचा फोन आला. "डॉक्टर, ढाब्यामागची काळी सापडली. चार पिल्लं आहेत पण. अजून पाजतेय." मी म्हटलं, "मग आत्ता नको. पिल्लं दूध सोडू देत." वहीत तिच्या नावासमोर जानेवारीचा दुसरा आठवडा लिहून ठेवला आहे.