गोळी आणि सोबत

शास्त्रपाठ : मार्क ५:१-२०

कबरांमध्ये राहून दगडांनी स्वतःला जखमा करून घेणाऱ्या मनुष्याला प्रभूने नाव विचारले, बरे केले आणि त्याच्या आपल्या माणसांत घरी पाठवले.

बेळगाव-निपाणी भागातील मंडळ्यांतही स्वतःला इजा करून घेणारे प्रौढ असू शकतात. त्यांना भूतग्रस्त म्हणू नये. कोणी म्हणतो, प्रार्थना पुरे. कोणी म्हणतो, गोळ्या दिल्या की झाले. दोन्ही अपुरे.

२०२१ साली कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात ७ चाचण्यांतील ५७४ रुग्णांची माहिती तपासली गेली. औषधाने पुन्हा इजा करून घेणे टळते, असा भक्कम पुरावा मिळाला नाही. तरी नैराश्यासारख्या मूळ आजारासाठी औषध लागू शकते. डॉक्टरांना न विचारता ते बंद करू नये. गोळ्या घरच्यांनी आपल्या ताब्यात, थोड्याच ठेवाव्यात. बोलून, ऐकून घेऊन केलेल्या मानसोपचाराचा काहींना अधिक उपयोग होतो.

उपचारांसाठी धारवाडला शासकीय मानसिक आरोग्य संस्था आहे. टेलिमानसच्या १४४१६ क्रमांकावर मोफत बोलता येते.

चर्चेसाठी प्रश्न : अशा दुःखी बंधुभगिनीच्या घरी आपण शेवटचे केव्हा गेलो, आणि उपदेश न करता किती वेळ बसलो?