वाचनाची तालीम

चैत्री पौर्णिमेला कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाची यात्रा भरते. गावोगावच्या उंच, सजविलेल्या सासनकाठ्या येतात. गुलालाने डोंगर न्हाऊन निघतो आणि ‘चांगभलं’चा गजर दुमदुमतो. हलगीच्या ठेक्यावर एक जण काठी पेलून नाचवितो. भोवतालचे गडी दोऱ्या धरून तिचा तोल सांभाळतात. एक दोरी सैल पडली की काठी कलते. एक फार ताणली, तरीही कलते. पाहणाऱ्याला हे सारे सहज वाटते. परंतु ती सहजता सरावाने आलेली असते.

मोठ्याने वाचणे हेही असेच तोल सांभाळण्याचे काम आहे. शब्द अचूक उच्चारावे लागतात, गती योग्य राखावी लागते, योग्य जागी थांबावे लागते आणि भावाप्रमाणे आवाज चढवावा-उतरवावा लागतो. केवळ भरभर वाचणे म्हणजे अस्खलित वाचणे नव्हे. डोंगर चढणाऱ्या एखाद्या यात्रेकरूच्या तोंडी ‘येथे थांबू नका जाऊ’ असे वाक्य आहे, असे समजा. ‘थांबू’नंतर विराम घेतला, तर तो मुक्काम करावयास सांगतो, ‘नका’नंतर घेतला, तर तो पुढे निघावयास सांगतो. अक्षरे तीच, पण अर्थ अगदी उलट!

ही गोष्ट आपल्याकडील पोथी वाचणाऱ्यांना चांगली ठाऊक असे. श्रावणात पोथी लावण्याची रीत जुनी आहे. एक जण ओवी चालीवर वाचतो आणि दुसरा तिचा अर्थ सांगतो. जोतिबाच्या भक्तांमध्ये ‘केदारविजय’ या ग्रंथाचीही पारायणे होतात. समोर बसलेल्यांपैकी अनेकांना पूर्वी अक्षरओळखही नसे. त्यांच्यापर्यंत ग्रंथ पोहोचे तो वाचणाऱ्याच्या आवाजातूनच. आपण अडखळलो तर ऐकणाऱ्यांचा अर्थ हरवेल, ही जाणीव वाचकाला सावध ठेवी.

शाळेत मात्र पुष्कळदा निराळेच दिसते. एखाद्या मुलाची वाचण्याची पाळी येते. तो पुस्तक तोंडासमोर धरतो. एका जोडाक्षरापाशी अडतो. मागच्या बाकावरून हसू ऐकू येते. पुढच्या वेळी तो वाचणेच टाळतो आणि टाळल्यामुळे त्याचे वाचन अधिकच मागे पडते. त्या मुलात बुद्धी कमी नसते. त्याला तालमीची संधी मिळालेली नसते.

कोल्हापुरात तालीम म्हटले की लाल मातीचा आखाडा डोळ्यांसमोर येतो. तेथे पहिलवान एकच डाव अनेकदा घोटतो. नाटकाच्या तालमीत नटही एकच वाक्य अनेकदा म्हणतो. ‘पुन्हा वाच’ असे नुसते सांगितले तर मुले कंटाळतात. पण ‘शनिवारी हे सर्वांना ऐकवावयाचे आहे’ असे सांगितले, की तीच मुले उतारा आपण होऊन दहा वेळा वाचतात. अमेरिकेतील अभ्यासक जे सॅम्युअल्स यांनी १९७९ साली पुनर्वाचनाची पद्धत मांडली. लहान उतारा सफाईने येईपर्यंत वाचल्यास चुका कमी होतात, गती वाढते आणि पुढच्या नव्या उताऱ्याला कमी फेऱ्या पुरतात, असे त्यांना दिसून आले.

जोतिबाच्या डोंगरावरून पन्हाळगड दिसतो. १६६० साली सिद्दी जौहरने या गडाला वेढा घातला होता. शिवाजी महाराज वेढ्यातून निसटावेत म्हणून शिवा काशीद त्यांच्या वेषात दुसऱ्या पालखीत बसला आणि त्याने प्राणांचे मोल दिले. समजा, डोंगरपायथ्याच्या एखाद्या शाळेतील मुलांनी हा प्रसंग वाचावयास घेतला. पाठांतर नको, पोशाख नको, रंगमंच नको. पुस्तक हातात ठेवूनच वाचावयाचे. एकाकडे सूत्रधाराचे वाचन, दुसऱ्याकडे शिवा काशीदचे, तिसऱ्याकडे पहारेकऱ्याचे. अडखळणाऱ्या मुलाला प्रथम पोवाड्यातील झीलकऱ्यांप्रमाणे साऱ्यांच्या सुरात सूर मिसळू द्यावा. त्याची भीती गेली, की त्याला एक लहानसे वाक्य द्यावे : ‘पालखी निघाली.’

वाक्य दोनच शब्दांचे आहे. परंतु शत्रूचा हेर ते कसे म्हणेल? निरोप देणारा सोबती कसे म्हणेल? पालखीत कोण आहे आणि तो परत येणार नाही, हे ज्याला कळले, त्याचा आवाज आपोआप जड होईल. त्या मुलाने ते वाक्य तसे म्हटले आणि वर्ग स्तब्ध झाला, तर त्याला हसण्याचे कोणाच्याही मनात येणार नाही. त्या दिवशी तो अक्षरे वाचणारा राहिला नाही, वाचक झाला.

सासनकाठी एकट्याच्या बळावर नाचत नाही. वर्गातील वाचनही तसेच आहे. एक वाचतो, तेव्हा इतरांनी लक्षपूर्वक ऐकून त्याचा तोल सांभाळावयाचा असतो. चांगला वाचक घडविण्यात चांगल्या श्रोत्यांचाही वाटा असतो.

स्वाध्याय
१. वाचनाला सासनकाठीची उपमा का दिली आहे?
२. ‘येथे थांबू नका जाऊ’ हे वाक्य दोन प्रकारे वाचून दाखवा व अर्थातील फरक सांगा.
३. चार-चार मुलांचे गट करून इतिहासातील एखाद्या प्रसंगाचे अभिवाचन करा.