‘गॉस्पेल’ म्हणजे गोड बातमी

आपण ज्याला शुभवर्तमान म्हणतो त्याला इंग्रजीत ‘गॉस्पेल’ म्हणतात. त्यात ‘गॉड’ म्हणजे देव आहे, असे पुष्कळांना वाटते. मूळ तसे नाही. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द ‘गोडस्पेल’ असा होता. ‘गोड’ म्हणजे चांगले, ‘स्पेल’ म्हणजे बातमी. पुढे ‘गोड’चा स्वर ऱ्हस्व झाला आणि लोक त्याचा अर्थ ‘देवाची वार्ता’ असा घेऊ लागले. मराठी ‘गोड’शी त्याचे नाते नाही, तरी ‘गोड बातमी’ म्हटले की अर्थ नेमका कळतो.

लॅटिनमार्गे आलेल्या ग्रीक ‘युअँगेलिऑन’चे ते भाषांतर होते. ख्रिस्तापूर्वी ग्रीक लोक चांगली बातमी आणणाऱ्या दूताच्या बक्षिसालाही हाच शब्द वापरीत. आपल्या ‘शुभवर्तमाना’तही ‘वर्तमानपत्रा’तलेच वर्तमान, म्हणजे बातमी आहे.

बातमी ज्याच्या त्याच्या भाषेत सांगावी लागते. फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज. ते १५७९ साली गोव्यात आले आणि मराठी शिकले. १६१६ साली छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त त्यांनी ही बातमी दहा हजारांहून अधिक मराठी ओव्यांत सांगितली.

आपल्या पिंपळगावच्या बाजारात मिरचीचा भाव चढला, तर संध्याकाळपर्यंत शिवारभर कळते. मिस्सामध्ये ऐकलेले वर्तमान मात्र आपण पुष्कळदा चर्चच्या दारातच ठेवून येतो. या आठवड्यात एखाद्या आजारी किंवा एकट्या शेजाऱ्याकडे ते आपल्यापैकी कोण घेऊन जाईल?